मूळ नकाशात नसलेला ओटा

भीमराव रोकड्यांना आयुष्यात कधी 'बघू' म्हणता आलं नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ते माल तपासायचे. पट्टी लावायची, डोळा बारीक करायचा आणि शिक्का मारायचा, पास नाहीतर रिजेक्ट. तिसरा शिक्का त्यांच्या टेबलावर नव्हता आणि डोक्यातही नव्हता. घरातल्या भाजीपासून सोयरिकीला आलेल्या मुलापर्यंत सगळ्यांना याच दोन शिक्क्यांखालून जावं लागे. त्यांची बायको संध्या म्हणायची, "माझं नशीब थोर, लग्नाच्या वेळी तुम्हाला ही नोकरी लागलेली नव्हती."

अशा माणसाचा गेल्या रविवारी भर सभेत पुरता गोंधळ उडाला.

त्यांचं गाव बदलापूरच्या कडेला, खरवईच्याही पुढे. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या नावात औषधालाही मराठी शब्द सापडत नाही. या टॉवरांच्या मधोमध ती दगडी, कौलारू शाळा. दारावर १९११ कोरलेलं. नवी शाळा झाली तशी जुनीची रया गेली. कधी रेशनचं गोदाम, कधी मतदान केंद्र, उरलेलं वर्षभर मंडपाचे बांबू. मग ती पाडून पार्किंग करायचं ठरलं, तेव्हा कुठे गावाला जाग आली. एरवी नळाच्या वेळेवरून एकमेकांची डोकी फोडणारे लोक शाळेसाठी एक झाले, हे मात्र खरं. पुढाकार महेशचा. त्याच्या घरची भातशेती टॉवरांखाली गेली होती. "निदान शाळा तरी राहू दे," म्हणत त्याने दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. शाळा वाचली. तिथे वाचनालय करायचं ठरलं.

दुरुस्तीचं काम विनिता नावाच्या तरुण आर्किटेक्टकडे आलं. तिने कुठल्याशा दफ्तरातून शाळेचा मूळ नकाशा शोधून काढला. तिचा नियम सरळ होता. मूळचं ते राखायचं, मागाहून जोडलेलं ते काढायचं. भीमरावांना हा नियम जाम आवडला. जुने विद्यार्थी म्हणून ते रोज कामावर हजर असत आणि गवंड्यांना नको नको करून सोडत. गावात त्यांच्याहून जुनी विद्यार्थिनी एक होती, महेशची आजी वेणूबाई. पण नव्वदीच्या म्हातारीला काय आठवणार, म्हणून तिला कुणी विचारलं नाही.

एके दिवशी विनिता शाळेच्या मागच्या अंगाला थांबली. पश्चिमेच्या खिडकीखाली, भिंतीला लागून, हातभर रुंदीचा एक दगडी ओटा होता. वर छप्पर नाही, वळचण नाही.

"काका, हा नकाशात नाही. कशासाठी बांधला असेल?"

भीमरावांना ते पुरतं ठाऊक होतं. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी सरकारचा हुकूम आला होता, अस्पृश्य वस्तीतली मुलंही शाळेत घ्या. घ्या म्हटलं होतं, बसवा कुठे ते म्हटलं नव्हतं. गावाने डोकं चालवलं आणि खिडकीखाली हा ओटा बांधला. मुलं पटावर आली आणि शाळेत आलीच नाहीत. त्या ओट्यावर बसून, खिडकीतून आत बघत, भीमरावांचे वडील किसन चौथीपर्यंत शिकले. पुढे सगळ्या वस्तीची पत्रं तेच वाचायचे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी मुलाला बोटाला धरून शाळेच्या पुढच्या दारातून आत नेऊन बसवलं. पण स्वतः जन्मात पुन्हा कुणाच्या ओट्यावर टेकले नाहीत. खुर्ची दिली तर बसायचे, नाहीतर तासन् तास उभे. कारण विचारलं की म्हणायचे, "माझा कोटा संपला."

हे सगळं भीमरावांच्या मनात आलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "नंतरचा आहे. काढून टाका."

रिजेक्ट.

दोन मजुरांनी अर्ध्या दिवसात ओटा फोडला. भीमराव शेवटचा दगड निघेपर्यंत उभे होते. त्या दिवशी घरी येऊन ते एक भाकरी जास्त जेवले आणि संध्याला काही सांगितलं नाही.

रविवारी उद्घाटन होतं. पताका, रांगोळी, सनईची रेकॉर्ड, वडा आणि चहा. कुठल्या कुठल्या बॅचचे विद्यार्थी जमले होते आणि एकमेकांची टकलं मोजत होते. फलकावरचा पडदा ओढायचा मान भीमरावांचा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून त्यांनी दोरी ओढली. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं होती. 'या शाळेने सन १९११पासून गावातील सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली शिक्षण दिले.'

टाळ्या पडल्या. भीमरावांनीही दोन टाळ्या वाजवल्या. तिसरीला हात जवळ येईनात.

ते गर्दीतून निघून मागच्या अंगाला गेले. नात प्रीती मोबाईल घेऊन मागोमाग आली. भिंत नुकती आंघोळ घातल्यासारखी स्वच्छ होती. ओटा होता याची रेघसुद्धा उरली नव्हती. काम एक नंबर झालं होतं.

"आजोबा, पणजोबा कुठे बसायचे? दाखवा ना, फोटो काढते."

भीमरावांनी बोट दाखवलं. मग ते जरा डावीकडे नेलं. मग पुन्हा उजवीकडे. केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसाला आपल्या बापाची जागा सांगता येईना. त्यांना राग आला, पण कुणावर ते कळेना. फलक लिहिणाऱ्यावर? त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. विनितावर? तिने तर विचारलं होतं. ज्या ओट्यावर ते साठ वर्षं मनातल्या मनात थुंकले, तो गेल्याचं सुख व्हायला हवं होतं. मग ते होत का नव्हतं?

भाषणासाठी त्यांचं नाव पुकारलं गेलं. लिहून आणलेला कागद खिशातच राहिला.

"फलकावर लिहिलंय ते खोटं आहे," ते म्हणाले. "माझा बाप या छपराखाली शिकला नाही. तो मागे, खिडकीखालच्या ओट्यावर बसून शिकला. तो ओटा मीच काढायला लावला. बरोबर केलं असं तेव्हा वाटलं होतं. आता... आता मला सांगता येत नाही."

सनई कुणीतरी बंद केली. महेश माईकपाशी आला. त्याचा चेहरा पडला होता.

"काका, आईशप्पथ, मला नव्हतं माहीत. आमच्या घरात कधी कुणी बोललंच नाही. मी तर तो ओटा दप्तरं ठेवायचा समजत होतो. फलक बदलू आपण, टेन्शन घेऊ नका. पण उद्या कुणी विचारलं, प्रूफ काय? तर काय दाखवायचं?"

"माझ्याकडे फोटो आहेत," विनिता खालून म्हणाली. "दगडही टाकलेले नाहीत, मागे रचून ठेवलेत. काका, तुम्ही सांगा. जसा होता तसा परत बांधू?"

सगळे भीमरावांकडे बघायला लागले. परत बांधायचा? स्वराज्य येऊन इतकी वर्षं झाल्यावर कुणा गवंड्याला सांगायचं, बाबा रे, इथे बाहेर बसवायचा एक ओटा छान बांधून दे? आणि नाही बांधायचा, तर मग किसन रोकडे शिकला कुठे?

"मला कळत नाही," भीमराव म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून संध्या खुर्चीतून अर्धी उठली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. वेणूबाई.

"परूप कशाला पायजे? मी हाय ना," म्हातारी म्हणाली. "व्हता की ओटा. आमी आत, किसन भायेर. माज्यापरीस हुशार व्हता. मला पाढा आला नाय का तो खिरकीतून हलूच सांगायचा."

भीमराव व्यासपीठावरून उतरून तिच्यापाशी आले आणि खाली वाकले.

"काकी, ते कधी बोलले नाहीत हे."

"काय बोलंल? पानी परला का वारा आत यायचा. मंग गुरुजी खिरकी लावून घ्याचे."

"मग माझा बाप काय करायचा?"

वेणूबाईने काठी मांडीवर आडवी घेतली.

"कसा सांगू, भीमा?" ती म्हणाली. "खिरकी लावलेली असायची."