फाटकापलीकडचं तळं

आमचे काका अभयारण्याच्या आतल्या फाटकावर पहारेकरी होते. फाटकापलीकडे नुसतं रान. तिथे कुणी राहायचं नाही, हिंडायचं नाही. मधोमध एक तळं. गस्तीला आत जायचे ते काकाच. एरवी इतके मवाळ, की दुकानदाराने नासकं दूध दिलं तरी तोंडातून ब्र काढणार नाहीत. पण फाटकावर उभे राहिले की सख्ख्या भावाला ओळख देत नसत. माझ्या वडिलांनाच एकदा हात हलवत परत पाठवलं होतं.

काकू रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जायची. तिला ते तळं एकदा बघायचं होतं. बाकी तिने जन्मात काही मागितलं नाही.

"आत काय आहे हो एवढं?"

"काही नाही गं. पाणी आणि झाडं."

"मग दाखवा की एकदा."

"विचारतो साहेबांना."

विचारतो, विचारतो करता करता नोकरी सरत आली. तोवर काकूची नजर गेली. काचबिंदू होता, आणि डोळे दाखवायलाही आम्ही उशीरच केला.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी काकांना काही इच्छा आहे का विचारलं. काका घुटमळले, म्हणून मीच चिडून बोलले, "काकूला तळं बघायचं होतं."

"एवढंच ना?" साहेब हसले. "घरच्यांना देतो की आम्ही परवानगी. तुमच्या आधीचे पहारेकरी दर हिवाळ्यात सहकुटुंब जायचे. अहो, विचारायचं तरी!"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मला काकांचा भयंकर राग आला, आणि त्यांची मान खाली गेलेली बघवेनाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी तिला हाताला धरून आत नेलं. मी मागून डबा घेऊन. तळ्यावर ऊन पसरलं होतं. पलीकडच्या काठावर हरणांचा कळप माना वर करून आमच्याकडे बघत होता. काका तिला सांगायला लागले, पण जन्मभर कमी बोललेल्या माणसाला आयत्या वेळी शब्द कुठले सुचायला?

"हे... पाणी आहे. आणि झाडं."

काकू पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मग हसली.

"तुम्ही म्हणायचात ते खरंच की हो. काही नाही इथे."

काका तिथेच मटकन बसले. काकू चाचपडत त्यांचा खांदा शोधत होती, आणि त्यांना हुंदका आवरत नव्हता.