चित्रापुढे बूट काढणारे भावजी

अगं, जवळ ये, कोट घालून दारातच काय उभी राहतेस? दोन गल्ल्या सोडून राहायचं आणि महिनोन्‌महिने फिरकायचं नाही, ही कुठली रीत? बस, भावजींचं सांगते. कारागिराला देवाच्या इतकं जवळ बसवणारा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत दुसरा नसेल.

भावजी म्हणजे माझ्या यजमानांचे मित्र, केमिकल इंजिनियर. बाकी मंडळी शनिवारी व्हीसीआरवर हिंदी सिनेमे बघायची, तर भावजी नदीपलीकडच्या म्युझियममध्ये. तिथे त्यांनी हॉलंडची जुनी चित्रं पाहिली आणि बिघडलेच. झाडू बांधणारा, पाव भाजणारा, सूत कातणारी. साधी कामं, पण ते लोक म्हणे त्यांत धर्म वाचायचे. झाडू म्हणजे मन झाडणं, पाव म्हणजे देवाचं देणं. "वहिनी, आपल्याकडे कुंभार संत झाला, न्हावी संत झाला. ही आपलीच माणसं," भावजी म्हणाले. मग काय, घरी प्लंबर आला तरी निरूपण. गळका नळ आणि मनातला लोभ यांचं नातं त्या बिचाऱ्यानं पाना हातात धरून शांतपणे ऐकलं आणि मेन व्हॉल्व्ह कुठाय ते विचारलं. वाढदिवसाच्या केकवरून पीठ, विस्तव आणि वैराग्य सुरू झालं तेव्हा पोरं म्हणाली, "अंकल, कॅन वी ईट इट नाऊ?"

कंपनीनं लवकर घरी बसवलं, तेव्हा भावजींना एकच हवं होतं, त्या म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड व्हायचं. चाचणी म्हणजे फिरून चित्रं समजावून सांगायची. आम्हीही गेलो. पाववाल्यापर्यंत झकास चाललं. सूत कातणाऱ्या बाईपुढे मात्र हे गृहस्थ वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. चाचणी घेणाऱ्या बाईंनी काळजीनं विचारलं, पाय दुखतात का. नुसत्या मोज्यांवर उभे राहून भावजी म्हणाले, "नो, मॅडम. शी इज प्रेइंग."

पुढच्या आठवड्यात फोन आला. म्युझियमवाल्यांनी फार गोड शब्दांत नकार दिला.

तेव्हापासून भावजी नदीपलीकडे गेलेले नाहीत. परवा त्यांच्याकडे घर तापवायची फर्नेस दुरुस्त करायला माणूस आला, त्याला भावजींनी नुसता बेसमेंटचा जिना दाखवला. त्यांची सुधा माझ्या किचनमध्ये बसून म्हणाली, "लग्न झाल्यापासून गप्प बसा म्हणत आले. आता बसलेत, तर घर खायला उठतं हो."

म्हणून म्हणते, रविवारी ये. पोरांनाही आण, कुरकुरली तरी. भावजींना मी चहाला बोलावते. तू फक्त विचार, त्या चित्रांत लोहार होता का हो? पुढचं मी बघते. चहा गार झाला तर दुसरा टाकीन, पण ये.