हत्ती गेला आणि शेपूट राहिलं

आमच्या ह्यांना सांगितलेलं काम परत म्हणून दाखवायची सवय. "येताना साबण आणा," म्हटलं की "येताना साबण आणतो." "गॅस बारीक करा," म्हटलं की "गॅस बारीक करतो." एकदा मी वैतागून म्हणाले, "अहो, नुसतं बरं म्हणा की!" तर म्हणाले, "नुसतं बरं म्हणतो." मी कपाळावर हात मारून घेतला. कामावर ह्यांना सगळे पोपट म्हणतात. ह्यांना त्याचा राग येत नाही, मला येतो. घरात मी म्हणते ती गोष्ट वेगळी.

हे विमानतळावर रनवे तपासायची पिवळी जीप चालवतात. दोन विमानांच्या मधल्या वेळात रनवेवर जायचं, खडा, टायरचा तुकडा, मेलेला पक्षी असं जे पडलं असेल ते उचलायचं आणि पुढचं विमान यायच्या आत बाहेर पडायचं. आत शिरायला टॉवरची परवानगी लागते. टॉवरने रेडिओवर सांगायचं आणि ह्यांनी ते जसंच्या तसं परत म्हणायचं, म्हणजे दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आहे याची खात्री होते. बाहेर येताना जमिनीवर रंगवलेला एक पट्टा आहे. तो ओलांडला की सांगायचं, "रनवे सोडला." मगच टॉवर पुढच्या विमानाला उतरू देतो.

टॉवरमध्ये दुपारी बहुतेक एक मॅडम असतात. ह्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण त्यांना सर्दी झालेली ह्यांना नुसत्या आवाजावरून कळते. इथे मी दाढदुखीने गाल सुजवून समोर बसले तरी पत्ता नसतो! म्हणून मी त्यांना माझी सवत म्हणते. "काहीतरीच काय गं," हे म्हणतात, "आपल्या लेकीएवढी असेल ती."

एका दुपारी जीप दुरुस्तीला गेली होती. ह्यांना दुसऱ्या खात्याची गाडी मिळाली, तिच्या मागे सामानाचा ट्रेलर जोडलेला. हे रनवे तपासून वळले, पट्टा ओलांडला आणि सवयीने बोलून मोकळे झाले, "रनवे सोडला." जन्मभर जीप चालवलेला माणूस. आपण बाहेर आलो म्हणजे गाडी बाहेर आली, असंच त्याला वाटणार. मग आरशात पाहिलं तर ट्रेलर अजून पट्ट्याच्या आत. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! तोवर मॅडमनी विमानाला उतरायला सांगितलंसुद्धा होतं.

ह्यांनी गाडी पुढे घेता घेताच रेडिओचं बटण दाबलं. "टॉवर, माझं चुकलं. ट्रेलर अजून आत आहे."

मॅडमनी विमान वरच्या वर परत पाठवलं. ते एक फेरी मारून आलं आणि सुखरूप उतरलं. कोणाला खरचटलंही नाही. पण नियम तो नियम. ह्यांचा रनवेवर जायचा परवाना काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत गोदामात बसवलं.

घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. "विमान लांब होतं म्हणता ना? मग गुपचूप गाडी पुढे घ्यायची! कोणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. हरिश्चंद्र व्हायला तुम्हालाच कोणी सांगितलं होतं?"

"आणि तेवढ्यात गाडी बंद पडली असती तर?" हे शांतपणे म्हणाले. "अगं, तिला टॉवरवरून हे टोक नीट दिसत नाही. ती माझ्या शब्दावर माणसं उतरवते."

ते मला पटलं, पण जीव जळायचा थांबेना. हे गोदामातून यायचे आणि कोपऱ्यात पेपर उघडून बसायचे. काही आणायला सांगितलं तर नुसती मान हलवायचे. इतकी वर्षं ज्या पोपटपंचीवर मी करवादले, ती बंद झाल्यावर घर मला खायला उठलं.

शेवटी चौकशीत ठरलं की ह्यांची परत परीक्षा घ्यायची. पास झाले तर परवाना परत, नाहीतर निवृत्तीपर्यंत गोदाम. जीपमध्ये शेजारी साहेब बसणार होते आणि टॉवरमध्ये नेमक्या त्याच मॅडम. साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर भरवसा नसेल, तर मॅडम रेडिओवर मला विचारून खात्री करून घेतील." मॅडमनी तसं विचारलं, तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

परीक्षेच्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. दूध उतू गेलं, तेही वासावरून कळलं. संध्याकाळी हे आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले.

"काय झालं?"

"रनवे तपासला. बाहेर आलो. पट्टा ओलांडला. मागे काही जोडलेलं नव्हतं, तरी मान वळवून बघितलं. साहेब म्हणाले, 'अहो, सांगा की लवकर, विमान येतंय.' पण मी नीट बघून घेतलं आणि मग सांगितलं, रनवे सोडला."

"बरं, मग? तिनं साहेबांना विचारलं का?"

हे खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. मी खांद्याला धरून हलवलं, तेव्हा दिसलं की डोळे भरून आलेत.

"नाही गं," हे म्हणाले. "तिनं सरळ विमानाला सांगितलं, उतरा."