जयवंतची जोडणी

जयवंत चहा बशीत ओतायचा आणि बोलता बोलता गार करायचा. शर्टाचं दुसरं बटण फिरवत राहायचा. पेन माझंच घ्यायचा, टोपण चावून परत करायचा. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसायचा. मग बाकीचेही हसायचे, हे मला जास्त लागायचं.

विलेपार्ल्याच्या कॉलेजात तो गणिताला, मी साहित्याला. सत्त्याऐंशी साली अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत एका सॉफ्टवेअर कंपनीत पुन्हा भेटलो. तो प्रोग्रॅम लिहायचा, मी ते कसे वापरायचे याची पुस्तिका. त्याचे वडील गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. संपानंतर घाटकोपरला दुकानात कामाला लागलेले. त्यांच्या घरात एकही कादंबरी नव्हती. माझ्या घरी भिंतभर होत्या. तरी कमी शब्दांत काम भागवणं त्यालाच जमायचं.

आमच्याकडे सगळे मिळून एकाच प्रोग्रॅमचे तुकडे लिहायचे. शनिवारी ते जोडले की कुठंतरी अडायचं, आणि कुणामुळे यावर भांडणं व्हायची. जयवंतने एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. कुणी नवा तुकडा दिला की मशीन आपणहून सगळे तुकडे जोडून, चालवून बघायचं. अडलं तर ज्याच्या तुकड्यामुळे अडलं त्याचं नाव प्रिंटरवर यायचं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर आम्ही चपला काढायचो. नाव आलेल्याच्या चपला कपाटावर जायच्या. दुरुस्ती होईपर्यंत अनवाणी.

"नलिनी, आज तुझ्या गेल्या वर!" जयवंत ओरडायचा.

"चल रे, तुझं मशीनच खोटारडं!" म्हणत नलिनी, त्याच्याच गटातली प्रोग्रॅमर, हसत दुरुस्तीला बसायची.

माझ्या चपलांना कधी कुणी हात लावला नाही.

प्रोग्रॅम सारखा बदलायचा, पुस्तिका मागे पडायची. एका गिऱ्हाइकाने पुस्तिका बघून बटणं दाबली, तर पडद्यावर भलतंच आलं. आमचे मॅनेजर कर्णिकसाहेबांनी मला बोलावलं. "पुन्हा असं झालं तर पुस्तिका बाहेरून लिहून घेईन."

जयवंतला सांगितलं.

"एवढंच ना यार? पुस्तिकेतलं प्रत्येक उदाहरण मशीनकडून चालवून घेतो. चुकलं की तुझं नाव. तुझ्या पण चपला वर!"

मी शीळ घालत फाटकापर्यंत आलो. तिथं लक्षात आलं, माझी नोकरीही आता त्याच्याच हातात. शीळ थांबली.

पुढच्याच आठवड्यात अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने त्याला मागून घेतलं. ही जोडणी त्यांना तिकडे हवी होती. नलिनीने पेढे वाटले. मी पेढा हातात धरून नुसता उभा.

"अरे, तोंडात टाक की!" जयवंत म्हणाला.

"आणि पुस्तिकेचं?"

"सुरू केलंय रे. आल्यावर पुरं करतो."

"कधी येणार?"

"बघू ना."

तो गेल्यावर नलिनीने मला त्याची फाईल उघडून दाखवली. पहिल्या धड्याची उदाहरणं मशीन झकास तपासत होतं. पुढे दुसऱ्या धड्याचं नाव टाकलेलं होतं. त्याखाली काही नव्हतं.