काजवालीचा अबोला

शिवणाच्या कारखान्यात तिला सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे फुगाबाई. शर्टांची काजं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि रुसण्यातही. भांडण तिला जमतच नसे. भांडणारी माणसं निदान बोलतात तरी! ही नुसती गप्प बसायची. समोरच्याने आपणहून ओळखावं, जवळ यावं, समजूत काढावी, एवढीच तिची अपेक्षा. सुरुवातीला लोक यायचेही. पण रोज उठून कोण मनधरणी करणार? आधी बहीण तुटली, मग शेजारीण. जेवणाच्या सुट्टीतला बायकांचा घोळकाही हळूहळू दुसऱ्या टेबलाकडे सरकला.

सगळ्यात जिवाला लागला तो इस्त्रीवालीशी धरलेला अबोला. जिवाभावाची मैत्रीण, आणि तिने चारचौघींत म्हणावं, "काजं जरा तिरकी येताहेत हं तुझी!" सगळ्या हसल्या. पुढे इस्त्रीवाली काम सोडून गेली, तरी मावशीने अबोला मोडला नाही. सात-आठ वर्षं ती मनातल्या मनात तिला खडे बोल सुनावत राहिली.

आता डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. सोबत कुणीतरी हवंच, एकट्या आलात तर परत पाठवू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशीने एकेक माणूस आठवून पाहिला. प्रत्येकाशी काही ना काही बिनसलेलं. शेवटी मन घट्ट करून ती इस्त्रीवालीचा जिना चढली.

दार उघडताच इस्त्रीवालीने तिला मिठीच मारली. "अगंबाई, तू! आहेस कुठे?"

"मी राग सोडला," मावशी म्हणाली. वाटभर घोकलेलं वाक्य होतं ते.

"कसला राग?"

"आपला अबोला होता ना..."

"आपला? कधी गं?" इस्त्रीवाली खरंच आठवू लागली. "मला आपलं वाटलं, तू कामात असशील."

आत तिच्या शेजारणी गप्पा मारत बसल्या होत्या. इतकी वर्षं जिच्यापायी जीव जाळला, तिला त्याचा पत्ताच नव्हता! ऑपरेशनचं कसंबसं सांगून मावशी जिना उतरू लागली.

"येते की मी, त्यात काय एवढं!" इस्त्रीवाली कठड्यावरून वाकून म्हणाली. "किती वाजता निघायचं?"

मावशीला स्वच्छ ऐकू आलं. पण तोंड उघडेना. तिने खाली यावं, हात धरून विचारावं, म्हणून ती पायरीवर थबकली.

"बरं, कळव हं मग!" म्हणत इस्त्रीवाली आत गेली.

मावशी कळवणार नव्हती.