फांदीवरची पिवळी जेली

ओल्या लाकडाचा वास आला की मला आमची भुईगावची चूल आठवते. आई लोकांच्या बागायती वाड्यांत राबायची आणि येताना जळणाला पडलेल्या फांद्या आणायची. एम.एस्सी.ला असताना त्यातल्याच एका फांदीवर मला पिवळी, लिबलिबीत जेली बुरशी सापडली. डीएनएवरून तिची नाती शोधायची, हा माझा प्रकल्प. पण तीनदा तपासणी केली आणि तिन्ही वेळा निकाल तिच्याखालच्या खरखरीत बुरशीचाच आला. "काय गं, हात तरी धुतेस का? विषय बदल आता," माझ्या मार्गदर्शक मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. घरी येऊन मी फांदी आईपुढे आपटली. "घाल चुलीत!" आईनं ती उचलून निरखली. "अगं बाय, ही पिवळी खालच्या बुरशीला खाते. बांडगूळ मुळातनं उपटलं तर आंब्याची साल येनारच ना? नुसतं वरचं घे." मला माझाच राग आला. ही बुरशी दुसरीवर जगते हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि तरी दरवेळी बुडापासून कापत होते. चौथ्यांदा फक्त वरचा पातळ थर घेतला. डीएनए जेलीचाच निघाला आणि वंशवृक्षात तिची जागा ठरली. त्याच प्रकल्पावर मी एम.एस्सी. झाले, आज कॉलेजात बुरशीशास्त्र शिकवते.