सहा ग्लास आणि एक स्टीलचा पेला

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात भिंगकाकांची चौतीस वर्षं गेली. पण जुन्या बाजारात त्यांना मान आहे तो वेगळ्याच कारणासाठी. काचेच्या जुन्या वस्तूबरोबर त्यांची चिठ्ठी असली की व्यापारी घासाघीस करत नाहीत. ग्लास घेतला की ते आधी त्यावरून अंगठा फिरवतात, मग तो उलटा करून तळ बघतात. साच्यातल्या काचेला उभा जोड असतो, तो अंगठ्याला लागतो. फुंकून केलेल्या काचेच्या तळाशी नळी तोडल्याची खूण असते. एका डॉक्टरीणबाईंची शंभर वर्षांची सुरई त्यांनी तिथल्या तिथे सात वर्षांची ठरवली होती. त्या दिवशी चहा मिळाला नव्हता.

ही विद्या आली कुठून, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नानंतर ते पहिल्यांदा सासुरवाडीला गेले, तेव्हा सासूबाईंच्या कपाटातल्या वेलबुट्टीच्या सहा ग्लासांपैकी एक त्यांच्या हातून फुटला. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी तुकडे रुमालात बांधले आणि उरलेले पाच जरा पांगवून ठेवले. पुढचे दोन महिने तो फुटका तळ खिशात घेऊन त्यांनी जुना बाजार पालथा घातला. तसाच एक ग्लास मिळाला आणि पुढच्या भेटीत गुपचूप कपाटात गेला.

मग शंकेने पोखरायला सुरुवात केली. विकणाऱ्याने गंडवलं तर नसेल? ते कळावं म्हणून दिसेल ती काच ते निरखू लागले आणि निरखता निरखता जाणकार झाले. तो ग्लास तेवढा पाहायचा राहिला. कपाटाला कुलूप लागलं होतं आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती. जावईबापूंना पाणी येई ते स्टीलच्या पेल्यात. असं एकतीस वर्षं चाललं.

यंदा मेहुण्याने लहान घर घेतलं. तिथे कपाट मावेना. ग्लास घ्यायला एक व्यापारी तयार होता, पण भिंगकाकांची चिठ्ठी हवी म्हणाला. सासूबाईंनी जावयाला निरोप धाडला. काकांची झोप उडाली. ग्लास नकली निघाला तर तसं लिहावं लागणार, मग तो तिथे आला कसा हेही सांगावं लागणार. न लिहावं, तर यापुढे त्यांच्या चिठ्ठीला रद्दीचा भाव. अंगात कणकण आहे, असं त्यांनी बायकोला सांगून पाहिलं.

"आजारी पडायचं तर तिथे जाऊन पडा," ती म्हणाली.

टेबलावर सहा ग्लास मांडले होते. पहिल्यालाच अंगठ्याला जोड लागला. हाच आपला, असं समजून काकांनी मान खाली घातली. दुसऱ्यालाही जोड. तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्यालाही. सहावा मात्र गुळगुळीत होता. पानांच्या कडा नखाला धारदार लागत होत्या, तळाशी खूण होती आणि काठाजवळ तो बारीक बुडबुडा. बाजारातून आणलेल्या ग्लासातला तो बुडबुडा ते एकतीस वर्षं विसरले नव्हते.

त्यांनी चिठ्ठीत लिहिलं: एक जुना, पाच साच्यातले. मेहुणा म्हणाला की आईला कुणीतरी फसवलं.

"जुना आहे तो मी आणलेला," काका म्हणाले. "मूळचा माझ्या हातून फुटला."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "दोन मी फोडले. दोन यानं, एक तुमच्या बायकोनं, लग्नाआधी. सगळे चौकातल्या भांड्यांच्या दुकानातून भरून काढले. खरा एकच उरला होता, तो तुम्ही फोडलात. पुन्हा खराच आणलात, म्हणून तर कुलूप लावलं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. चौकातलं दुकान तिला माहीत होतं, हे काकांना त्या दिवशी कळलं.

सासूबाईंनी खरा ग्लास उचलून पदराखाली घेतला. उरलेले पाच व्यापाऱ्याला, नाहीतर भंगारवाल्याला दे, असं मुलाला सांगितलं आणि जावयासाठी पाणी मागवलं. पाणी आलं ते स्टीलच्या पेल्यातच. ते पिऊन काकांनी सवयीने पेला उलटा केला.

तळावर कोरलं होतं: जावई. खाली तारीख होती, ग्लास फुटल्याच्या तिसऱ्या दिवसाची. ती त्यांनी दोनदा वाचली. एवढ्या वर्षांत या एकाच भांड्याचा तळ त्यांनी कधी पाहिला नव्हता.